ब्लॉग किंवा वेबसाईटवरून पैसे कसे मिळतात? मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खरा हिशोब



ती रील तुम्हीही पाहिली असेल. एक मुलगा लॅपटॉपच्या स्क्रीनवर डॉलरचा आकडा दाखवतो आणि म्हणतो, "घरबसल्या वेबसाईट काढा, महिन्याला लाख रुपये कमवा." खाली शेकडो लोक "डिटेल्स पाठवा दादा" असं लिहितात. मग डिटेल्स म्हणून एका कोर्सची लिंक येते. तो मुलगा वेबसाईटवर कमावतो की कोर्सवर, हे मात्र कोणी विचारत नाही.

असाच एक कोर्स मीही घेतला होता. साधारण सहा हजार रुपये भरले. त्यात फुकट मिळणाऱ्या ब्लॉगरवर खातं कसं काढायचं आणि दुसऱ्याचा लेख शब्द बदलून कसा टाकायचा, एवढंच शिकवलं. त्यानंतर पहिले शंभर डॉलर खात्यात जमा व्हायला मला चौदा महिने लागले. ब्लॉगमधून पैसे मिळतात, यात खोटं काहीच नाही. पण ते कुठून येतात आणि किती येऊ शकतात, हे आधी कळलं तर माझ्यासारखे सहा हजार आणि बराच वेळ वाया जाणार नाही. म्हणून आजच्या लेखात आपण हा हिशोब नीट पाहणार आहोत.

पैसे नेमके देतं कोण?

वेबसाईट स्वतःहून एक रुपयाही देत नाही. गूगलही आपल्या खिशातून देत नाही. पैसे देतो तो जाहिरातदार. पुण्यातला एखादा बिल्डर, मुंबईतली विमा कंपनी, ऑनलाईन साड्या विकणारं दुकान, या सगळ्यांना लोकांच्या नजरेसमोर यायचं असतं. वाचक तुमचं पान उघडतो त्या क्षणी पानावरच्या रिकाम्या जागेसाठी एक छोटासा लिलाव होतो. पान पूर्ण उघडायच्या आत तो संपतोही. त्यात जो जाहिरातदार जिंकतो त्याची जाहिरात वाचकाला दिसते आणि त्याने मोजलेल्या रकमेतला वाटा तुम्हाला मिळतो.

गूगलच्या ज्या सेवेतून हे सगळं होतं तिचं नाव ॲडसेन्स. ती २००३ मध्ये सुरू झाली. जाहिरातदाराने दिलेल्या पैशातले साधारण ६८ टक्के वेबसाईटवाल्याला मिळतात, बाकीचे गूगलकडे राहतात. पूर्वी बरीचशी कमाई क्लिकवर मोजली जायची. २०२४ च्या सुरुवातीपासून गूगलने पद्धत बदलली आणि जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे मोजायला सुरुवात केली. त्यामुळे "एका क्लिकला अमुक रुपये" असं गणित कोणी आजही सांगत असेल, तर त्याची माहिती जुनी आहे.

हा लिलाव आहे, हे लक्षात ठेवलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. गृहकर्जाचा हप्ता कसा काढायचा हे वाचणारा माणूस बँकेला हवा असतो, म्हणून त्याच्यासमोर जाहिरात दाखवायला बँका चढाओढ करतात. लग्नाचे उखाणे वाचणाऱ्या मुलीला नेमकं काय विकायचं, हे कोणालाच ठाऊक नसतं. उखाण्यांच्या पानावर गर्दी जास्त आणि भाव कमी, असं होतं ते यामुळे. सुविचार, शुभेच्छा संदेश, स्टेटस या सगळ्यांचं तेच.

मराठीचं म्हणाल तर मोठे जाहिरातदार इंग्रजी आणि हिंदीवर जास्त खर्च करतात. मराठी पानांसाठी बोली लावणारे कमी, म्हणून भावही कमी. तुमचं लेखन कमी प्रतीचं आहे असा याचा अर्थ नाही. तोच मराठी लेख अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माणसाने वाचला, तर बहुतेक वेळा जास्त पैसे मिळतात, कारण तिथले जाहिरातदार जास्त बोली लावतात. भाव ऋतूप्रमाणेही बदलतो. दसरा-दिवाळीच्या आधी जाहिरातदारांचा हात सैल असतो. जानेवारीत वाचक तेवढेच असूनही कमाई खाली येते. पहिल्या जानेवारीत मला वाटलं होतं की माझ्या साईटमध्येच काहीतरी बिघडलं आहे.

आता गणित करू

ब्लॉगवाल्यांच्या बोलण्यात आरपीएम हा शब्द सारखा येतो. पान एक हजार वेळा उघडलं गेलं की जेवढे पैसे मिळतात, तो आरपीएम. समजा तुमचा आरपीएम ४० रुपये आहे. हा आकडा मी फक्त उदाहरणासाठी घेतोय. तुमचा कमी असेल किंवा जास्त. साईट सुरू व्हायच्या आधीच तो छातीठोकपणे सांगणारा माणूस एकतर ज्योतिषी असतो किंवा कोर्स विकत असतो.

४० रुपये धरले तर महिन्याला एक लाख पेज व्ह्यूजचे ४,००० रुपये होतात. १०,००० रुपये हवे असतील तर अडीच लाख पेज व्ह्यूज लागतील, म्हणजे रोज साधारण ८,३००. आरपीएम दुप्पट, म्हणजे ८० रुपये असला तरी रोज ४,१०० च्या वर वाचन व्हायला हवं. आणि हे एखादा लेख व्हायरल झाला त्या दिवशीचं नाही, महिन्याच्या तिसही दिवसांचं.

रीलमधला एक लाखाचा आकडा आता याच गणितात बसवून बघा. ४० रुपयांच्या हिशोबाने महिन्याला पंचवीस लाख पेज व्ह्यूज हवेत. अशा मराठी साईट्स आहेत, नाही असं नाही. पण त्यांच्यामागे बहुधा लिहिणारी चार-सहा माणसं असतात आणि कित्येक वर्षांचं काम असतं. संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर एकट्याने दोन लेख लिहिणाऱ्याने स्वतःची तुलना त्यांच्याशी करू नये.

ॲडसेन्स घेताना अडतं कुठे?

खातं उघडायला वय १८ पूर्ण हवं. कॉलेजात जाणाऱ्या लहान भावंडांनी आई-वडिलांच्या नावाने अर्ज करावा. एका व्यक्तीला एकच खातं मिळतं. साईटवर स्वतः लिहिलेले, पुरेसे मोठे लेख असावेत आणि संपर्काचं व गोपनीयता धोरणाचं पान असावं. वर्तमानपत्रातून उचललेल्या बातम्यांवर मंजुरी मिळत नाही. चुकून मिळालीच तर नंतर मूळ मालक तक्रार करतो आणि गूगल ते पान शोधातून काढून टाकतं.

कमाई १० डॉलर झाली की गूगल तुमच्या पत्त्यावर टपालाने एक पिन पाठवतं. शहरात राहणाऱ्यांना हे विचित्र वाटेल, पण गावाकडच्या मुलांची गाडी इथेच जास्त अडकते. पत्रावर इंग्रजीत पत्ता असतो आणि आपण तो घाईत अर्धवट टाकलेला असतो. पत्ता भरताना घराचं किंवा वस्तीचं नाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड सगळं लिहा. आपल्या पोस्टमनला आधी सांगून ठेवलंत तर उत्तम. तीन-चार आठवड्यांत पत्र आलं नाही तर पिन पुन्हा मागवता येतो. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर मात्र साईटवरच्या जाहिराती बंद होतात.

पैसे बँकेत यायला खात्यात किमान १०० डॉलर जमा व्हावे लागतात. तेवढे झाले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान गूगल रक्कम पाठवतं. पैसे परदेशातून येत असल्याने बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. पहिल्या वेळी शाखेतून फोन येऊ शकतो की ही रक्कम कशाची आहे. घाबरायचं कारण नाही, जाहिरात सेवेचं उत्पन्न आहे असं सांगायचं. काही बँका दर वेळी शुल्क कापतात, तेवढं आधी विचारून ठेवा.

एक चूक मात्र कधीही करू नका. "तू माझ्या जाहिरातीवर क्लिक कर, मी तुझ्या जाहिरातीवर करतो" असे व्हॉट्सॲप ग्रुप आजही चालतात. गूगलला हे लगेच कळतं. एकाच गावातून, त्याच दहा मोबाईलवरून, रोज रात्री क्लिक होत असतील तर ते ओळखायला फार अक्कल लागत नाही. खातं बंद होतं, साठलेले पैसे जाहिरातदारांना परत जातात आणि त्याच माणसाला पुन्हा खातं मिळणं जवळपास अशक्य असतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे ९० च्या वर डॉलर असे गेले. शंभराला थोडेच कमी होते, म्हणून घाई केली.

कमी वाचक असले तरी चालणारे मार्ग

ॲडसेन्सला गर्दी लागते. मराठीत गर्दी जमवणं कठीण आणि तिला भावही कमी. म्हणून थोडेच पण नेमके वाचक असतील तर बाकीचे मार्ग जास्त उपयोगी पडतात. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने ॲडसेन्स लावून ठेवावं आणि डोकं पुढच्या गोष्टींमध्ये घालावं.

पहिला मार्ग कमिशनचा, म्हणजेच ॲफिलिएट मार्केटिंग. तुम्ही एखाद्या वस्तूविषयी लिहिता, सोबत तुमच्या नावाची खास लिंक देता, वाचकाने त्या लिंकवरून खरेदी केली की दुकान तुम्हाला ठरलेला हिस्सा देतं. ॲमेझॉनने ही पद्धत १९९६ मध्येच सुरू केली होती. वाचकाने लिंकवर क्लिक केल्यावर साधारण २४ तासांत केलेली खरेदी तुमच्या नावावर धरतात. नवं खातं काढल्यावर १८० दिवसांत किमान तीन विक्री झाल्या नाहीत तर ते बंद होतं, आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतःच घेतलेली वस्तू त्यात मोजत नाहीत. मोबाईलवर कमिशन अगदी नगण्य असतं, घरगुती वस्तू आणि कपड्यांवर त्या मानाने बरं.

पण यात कमाई होते कोणाची? समजा विदर्भातला एक शेतकरी पाठीवरच्या बॅटरी पंपाविषयी लिहितो. एका चार्जिंगमध्ये किती टाक्या मारून होतात, नोझल कुठे गळतं, पट्टा खांद्याला काचतो का, सुटे भाग तालुक्याला मिळतात का. हे वाचणारे महिन्याला पाचशेच असतील, पण त्यातले बरेचसे पंप घ्यायलाच निघालेले असतात. दुसरीकडे, पंप कधी हातातही न धरलेल्या माणसाने "टॉप १० फवारणी पंप" असा लेख लिहिला, तर वाचकाला ते दुसऱ्या ओळीत कळतं.

दुसरा मार्ग म्हणजे थेट जाहिरात, आणि याकडे आपली मुलं का वळत नाहीत हे मला कळत नाही. तुमची साईट एका जिल्ह्याची किंवा एका विषयाची असेल तर त्याच भागातल्या व्यावसायिकाला तुमचे वाचक गूगलपेक्षा जास्त मोलाचे वाटतात. तुम्ही मालवण-तारकर्लीविषयी सविस्तर लिहिता, महिन्याला चार हजार लोक सहल ठरवताना ते वाचतात. तिथल्या एका होमस्टेवाल्याने महिना २,००० रुपये देऊन जाहिरात लावली, असं धरा. ॲडसेन्सवर तेवढे पैसे मिळवायला आपल्या मघाच्या हिशोबाने ५०,००० पेज व्ह्यूज लागले असते. त्याच्याकडे जाताना साईटचे आकडे कागदावर छापून न्या. तीन महिन्यांचेच पैसे मागा आणि तेवढ्यात किती फोन आले ते त्याला मोजायला सांगा. फोन आले तर तो चौथ्या महिन्याला स्वतः बोलावेल.

तिसरा मार्ग, आपलंच काहीतरी विकणं. साईट ही इथे दुकानाची पाटी असते. समजा डोंबिवलीतल्या एक ताई पदार्थांविषयी लिहितात. चकली तेलात का विरघळते, मोहन जास्त झालं तर काय होतं, भाजणी जाडसर दळली तर काय बिघडतं, हे त्यांनी स्वतः करून लिहिलेलं आहे. दिवाळीच्या आधी हा लेख हजारो बायका वाचतात आणि त्यातल्या काहींना वेळच नसतो. ताईंनी तयार भाजणीची पाकिटं ठेवली. धान्य, दळण आणि कुरिअरचा खर्च जाऊन पाकिटामागे ६० रुपये उरले, तर शंभर पाकिटांचे ६,००० होतात. तेच पैसे जाहिरातींतून मिळवायला दीड लाख पेज व्ह्यूज लागले असते. खाण्याचे पदार्थ विकायचे असतील तर एफएसएसएआयची नोंदणी घ्यावी लागते, ती आधी करून घ्या.

विकण्यासारखी गोष्ट म्हणजे वस्तूच हवी असं नाही. २०२३ च्या सुरुवातीला एमपीएससीच्या राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पॅटर्नवरून पुण्यात विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं आणि तो २०२५ पासून लागू करायचं ठरलं. त्या काळात कोणता अभ्यासक्रम धरून चालायचं, याविषयी हजारो मुलं गोंधळात होती. ज्याने स्वतः मुख्य परीक्षा दिली आहे आणि जो उत्तर तपासून कुठे चुकलं ते सांगू शकतो, त्याच्या मार्गदर्शनाला मुलं पैसे देतात. त्याचे मोफत लेख वाचूनच ती त्याच्याकडे येतात. कोणाचं ई-पुस्तक असतं, कोणी भाषांतराची कामं घेतं, कोणी ऑनलाईन शिकवतं. ॲमेझॉन किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं स्वतः प्रकाशित करता येतात. पैसे घ्यायला यूपीआय आहेच.

फुकट वस्तू घेऊन किंवा पैसे घेऊन कशाची शिफारस करत असाल तर ती जाहिरात आहे, हे वाचकाला लेखातच स्पष्ट सांगा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची शिफारस करणाऱ्याला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या शिफारसींसाठी वेगळी नियमावलीही काढली. कोणता शेअर घ्यावा याचा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते. "हा फक्त शैक्षणिक हेतूने लिहिलेला लेख आहे" अशी ओळ खाली टाकली म्हणून सुटका होत नाही.

लिंकसाठी तीन हजार रुपये देणारे कोण असतात?

साईटला थोडं नाव झालं की एक ईमेल येतो. "आमचा लेख तुमच्या साईटवर टाका, आत एक लिंक असेल, तीन हजार रुपये देऊ." महिनाभर जाहिराती लावून जेवढे मिळत नाहीत तेवढे एका लेखाचे मिळतात, म्हणून मन चटकन विरघळतं. माझंही विरघळलं होतं. लेख होता "मोबाईलवर फावल्या वेळात काय करावं" असा साधाच, आणि आतली लिंक पत्त्यांच्या पैसे लावून खेळायच्या ॲपची.

पैसे घेऊन दिलेली लिंक तशी नोंदवली नाही तर गूगलच्या नियमांत ती फसवणूक धरतात आणि साईट शोधात मागे पडते. त्याहून मोठी गोष्ट कायद्याची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांची जाहिरात केल्यास दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. तुमच्या जुन्या लेखांत अशी एखादी लिंक राहिली असेल तर आजच काढून टाका.

सरकारी योजनांच्या साईट्स

मराठीत सगळ्यात जास्त गर्दी खेचणारा विषय आज हाच आहे. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १,५०० रुपये मिळणार म्हटल्यावर लाखो बायकांनी मोबाईलवर शोधाशोध केली आणि रातोरात साईट्स उगवल्या. योजनेची माहिती सोप्या मराठीत देणं हे चांगलंच काम आहे. कोणती कागदपत्रं लागतात, अर्ज का नाकारला जातो, अंगणवाडी सेविकेकडे कधी जायचं, हे नीट सांगणारे लेख हवेतच.

पण बऱ्याच साईट्सवर होतं ते वेगळंच. शीर्षक असतं "हप्ता जमा, यादीत नाव पहा." आत गेलं की आठ जाहिराती, मग "येथे क्लिक करा," मग दुसरं पान, पुन्हा जाहिराती, आणि यादी कुठेच नसते. जाहिरातीलाच बटणासारखं रूप दिलेलं असतं. काहींनी तर आधार क्रमांक आणि बँक खातं भरायचे फॉर्म टाकले. २०२५ मध्ये या योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा, असं सांगायची वेळ सरकारवर आली. या साईट्सच्या मालकांना महिनाभर भरपूर पैसे मिळतात, हे खरं आहे. ते पैसे चालीतल्या ज्या ताईच्या गोंधळातून येतात, तिने त्या दिवशी कदाचित कामावर खाडा केलेला असतो. असा लेख लिहायला कोणी सांगितलं तर मी सरळ नाही म्हणतो. तुम्ही योजनांवर लिहिणार असाल तर अधिकृत संकेतस्थळाची लिंक पहिल्याच परिच्छेदात द्या. वाचक लगेच निघून जाईल आणि दोन जाहिराती कमी दिसतील, पण पुढची योजना आली की तो तुमचं नाव टाकूनच शोधेल.

वाचक येणार कुठून?

पूर्वी याचं उत्तर एका शब्दात होतं, गूगल. आता ते तितकं सोपं राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२३ मधल्या बदलानंतर आणि पुन्हा मार्च २०२४ मध्ये गूगलने वाचकापेक्षा गूगलसाठी लिहिलेल्या पानांना मागे ढकललं आणि जगभरातल्या अनेक लहान साईट्सचे वाचक एकदम घटले. मार्च २०२४ च्या नियमांत असंही स्पष्ट केलं की केवळ शोधात वर यायला ढिगाने पानं तयार केली, मग ती माणसाने लिहिलेली असोत की एआयने, तर कारवाई होईल. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधाच्या निकालात सगळ्यात वर एआयने तयार केलेलं उत्तर दिसू लागलं. "अमुक म्हणजे काय" एवढंच विचारणाऱ्याला तिथेच उत्तर मिळतं, तो खाली येतच नाही.

म्हणून व्याख्या, निबंध आणि थोरांच्या जयंतीची भाषणं यांच्या जोरावर आज नवी साईट उभी राहणं अवघड आहे. दुसरीकडे, तुमच्या पंपाच्या पट्ट्याविषयी किंवा मालवणच्या कोणत्या रस्त्यावर पावसाळ्यात गाडी जात नाही याविषयी एआयला सांगता येत नाही, कारण ते कोणीच लिहिलेलं नसतं. गूगलवर सगळी भिस्त ठेवू नका. व्हॉट्सॲप चॅनल काढा, टेलिग्राम असेल तर तिथे लेख टाका, शक्य असेल तर वाचकांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने जमवा. गूगल डिस्कव्हरमधून एखाद्या दिवशी पन्नास हजार लोक येतील आणि दुसऱ्या दिवशी पाचशेही येणार नाहीत, त्या आकड्यावर कर्ज काढू नका.

खर्च, कर आणि नोकरी

सुरुवात ब्लॉगरवर फुकटात होते. स्वतःचं डोमेन घेतलं तर वर्षाला हजाराच्या आसपास जातात, होस्टिंगचे वेगळे. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, नूतनीकरणाचा बघा. मी पहिल्या वर्षी स्वस्त म्हणून घेतलेल्या होस्टिंगचं पुढच्या वर्षीचं बिल जवळपास तिप्पट आलं होतं.

डॉलरमध्ये आलेलं उत्पन्नही उत्पन्नच असतं आणि ते आयकर विवरणपत्रात दाखवावं लागतं. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढाल अशी आहे, त्यामुळे सुरुवातीला बहुतेकांना तिची चिंता नसते. कंपन्यांकडून वर्षभरात २०,००० रुपयांवर फुकट वस्तू किंवा सहली मिळाल्या तर १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम आहे. कमाई नियमित सुरू झाली की एकदा सीएकडे जाऊन या.

आपल्या वाचकांत जिल्हा परिषदेचे शिक्षक बरेच आहेत आणि मराठीतले कितीतरी चांगले शैक्षणिक ब्लॉग त्यांनीच उभे केले आहेत. त्यांच्यासाठी वेगळं सांगायला हवं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू होतात, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे नियम आहेत. परवानगीशिवाय खाजगी व्यवसाय करायला त्यात मनाई आहे. शैक्षणिक ब्लॉग लिहिणं वेगळं आणि त्यावर जाहिराती लावून दर महिन्याला पैसे घेणं वेगळं. बायकोच्या नावाने ॲडसेन्स काढलं की झालं, असं सर्रास सांगितलं जातं, पण घरातल्या व्यक्तीने व्यवसाय सुरू केला तर तेही कार्यालयाला कळवायचं असतं. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत रीतसर अर्ज द्या, त्याची पोच घेऊन ठेवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत ब्लॉग जाहिरातींशिवाय चालू ठेवा.